अजिंक्य आठांचं पारायण

पृथ्वी वाचवायला आठ माणसं पुरतात. जगाच्या आरंभापासून हे असंच चालत आलं आहे. संकट समुद्राच्या तळातून येवो की आकाशातून, आठ निवडक माणसं छाती पुढे काढून उभी राहतात आणि पृथ्वी पूर्ववत फिरू लागते. उल्हासच्या घरी ऑक्सिजनचं सिलिंडर दुसऱ्या मजल्यावर चढवायला मात्र मी एकटाच होतो, आणि लिफ्ट बंद होती.

सिलिंडर आणणाऱ्या माणसानं ते खाली पार्किंगमध्ये उभं केलं, "वर चढवायचं आमच्याकडं येत नाही, काका," म्हणाला आणि माझ्या पांढऱ्या केसांकडे आदरानं बघून निघून गेला. मी ते पायरीपायरीनं ओढत नेलं. दर पायरीला घंटा बडवल्यासारखा आवाज होत होता. वरून माईंचा आवाज आला, "कुणाकडं आरती चाललीय का हो या वेळेला?"

माई म्हणजे माझ्या सासूबाई. तेव्हा ऐंशीच्या पुढे गेलेल्या. एका डोळ्यानं दिसायचंच नाही, दुसऱ्यानं धूसर, आणि कानाचं यंत्र शिट्टी मारतं म्हणून ते कायम डबीत. उल्हास त्यांचा मुलगा, माझ्या बायकोचा धाकटा भाऊ. सांगलीत पालिकेत पाण्याच्या नळांचे नकाशे काढायचा. लग्न केलं नव्हतं. का, म्हणून विचारलं की "सवड झाली नाही," म्हणायचा, आणि पालिकेत असल्यामुळे ते कुणाला पटत नसे. पन्नाशी ओलांडल्यावर त्याची फुप्फुसं आतून कडक व्हायला लागली. शिळ्या भाकरीसारखी, असं तो स्वतःच सांगायचा. मिरजेच्या डॉक्टरांनी सगळे कागद बघून शेवटी सांगितलं, "घरी न्या. आवडेल ते खाऊ घाला."

ज्या दिवशी डॉक्टर पथ्य मोडायला सांगतो त्या दिवशी काय ते समजावं. माईंनी मात्र शेजारी पेढे वाटले. "काहीही खाल्लं तरी चालेल म्हणाले. म्हणजे उतार आहे."

त्याच सुमाराला बंगलोरला माझ्या मुलीचे दिवस भरत आले होते. एक जीव येत होता, एक जात होता. माझ्या बायकोनं, नलिनीनं, वाटणी केली. येणारा तिच्याकडे, जाणारा माझ्याकडे. मी नुकताच निवृत्त झालेलो. दर रविवारी वर्तमानपत्रात लोकांच्या खोड्या काढायच्या हा माझा जन्माचा धंदा. देव, पोथ्या आणि बाबा-महाराज यांच्या जिवावर तर माझं घर बांधून झालं होतं. सिलिंडर जागेवर ठेवून मी धापा टाकत असताना माई माझ्यासमोर येऊन म्हणाल्या, "रघुनाथराव, पारायण घालायचंय," तेव्हा मी मोठ्या मनानं म्हणालो, "घालू की. गुरुजींना सांगतो."

"गुरुजी नकोत. ते सुपारी घेतल्यासारखे वाचतात. घरच्यानं वाचलं तर पोचतं."

"मग कोण?"

"तुम्ही. ही पोथी आमच्यात बायका वाचत नाहीत. घरात दुसरा पुरुष कोण आहे?"

मी त्यांच्या कानाशी तोंड नेऊन ओरडलो, "माई, मी नास्तिक आहे!"

"असू द्या," माई म्हणाल्या. "आवाज चांगला आहे तुमचा."

मग त्यांनी नेम सांगितले. सात दिवस. एक वेळ जेवायचं. जमिनीवर निजायचं. वाचताना मध्ये बोलायचं नाही, आसन सोडायचं नाही. वाचून झालं की नैवेद्य, आणि नैवेद्य झाल्याशिवाय घरात कुणी तोंडात काही घालायचं नाही. आजाऱ्याला तेवढी सूट.

"नेमानं झालं की उल्हास उठून बसणार," त्या म्हणाल्या.

"आणि नेम चुकला तर?"

माईंनी भिंतीवरच्या माझ्या सासऱ्यांच्या फोटोकडे बघितलं. "चुकायचा नाही," एवढंच म्हणाल्या.

उल्हास आतल्या खोलीत तीन उशांना टेकून बसलेला असायचा. नाकात नळी, शेजारी हवा ओढणारं यंत्र म्हाताऱ्या मांजरासारखं घुरघुरत. सिलिंडर वीज गेली तर असावं म्हणून. एका श्वासात त्याला तीन-चार शब्द परवडायचे, बाकीचे पुढच्या श्वासावर टाकायचे.

"ऐकलं सगळं," तो म्हणाला. "दाजी, पोथी वाचायची नाही."

"अरे, मला तरी कुठं हौस आहे? पण माईंना सांगणार कोण?"

"सांगायचं नाही. वाचायचं. पण हे वाचायचं."

उशाशी एक पुस्तक होतं. पुस्तक कसलं, पाटाच पाटा. कव्हरवर आठ माणसं एका खडकावर उभी होती. त्यांतल्या सहांच्या कमरेवर हात होते आणि सगळ्यांचे कपडे अंगाला दोन मापं लहान होते. वर लाल अक्षरांत: 'अजिंक्य आठ. संपूर्ण संग्रह.'

"हे?" मी विचारलं.

"लहानपणी महिन्याला एक अंक यायचा. स्टँडवरच्या टपरीत. शेवटचे अंक आलेच नाहीत सांगलीला. काय झालं ते… मला माहीत नाही. आता सगळं एकत्र काढलंय. पुण्याहून मागवलं. हातात धरवत नाही."

"म्हणजे मी एक वेळ जेवून, जमिनीवर झोपून, सोवळं नेसून कॉमिक वाचायचं?"

"नेम सगळे पाळायचे," उल्हास गंभीरपणे म्हणाला. "माईला फसवायचं नाही."

मी त्याच्याकडे बघत राहिलो. त्याला हसू आलं, हसण्याचा खोकला झाला, आणि खोकला थांबेपर्यंत मी हो म्हणून बसलो होतो.

खरी पोथी मी एका धुतलेल्या धोतरात गुंडाळून कपाटावर ठेवली. पोथीच्या लाल रुमालात 'अजिंक्य आठ' बांधले. पहिल्या दिवशी सकाळी माईंनी चौरंगावरच्या रुमालाला हात लावून नमस्कार केला आणि थबकल्या.

"पोथी जाड झाली का हो?"

"नवीन आवृत्ती आहे, माई! मोठ्या टायपात!"

"बरं झालं," माई म्हणाल्या. रुमालाची गाठ सोडून त्यांनी चाचपडत हळदकुंकू वाहिलं, फूल ठेवलं आणि त्या बाहेर देवापुढे माळ घेऊन बसायला गेल्या. मी खाली बघितलं. आठांचा पुढारी वज्रमूठ नाकाला कुंकू लावून माझ्याकडे रोखून बघत होता.

चित्रांचं पुस्तक मोठ्यानं वाचणं फार कठीण. माझी पहिलीच अडचण अशी की दुसऱ्या पानावर एक बंगला कोसळतो आणि तिथं 'धडाम' लिहिलेलं आहे. मी पोथीच्या चालीत, हेल काढून म्हटलं, "आणि मग ध-डा-म असे झाले…"

"दाजी," उल्हास म्हणाला, "धडाम म्हणजे धडाम."

"पोथीत धडाम नसतं."

"मोठ्यानं म्हणा."

मी फुप्फुसं भरून "धडाम!" म्हणालो. बाहेरून माईंचा आवाज आला, "श्री गुरुदेव दत्त!" उल्हासनं उशीत तोंड खुपसलं.

मग आम्हाला सूर सापडला. मी आधी चित्र सांगायचो, मग संवाद हेल काढून वाचायचो. वज्रमूठ एका बुक्कीत डोंगर फोडतो आणि प्रत्येक वाक्य उद्गारचिन्हानं संपवतो, 'चला जेवूया!' हेसुद्धा. हिमकन्या नजरेनं समोरच्याचा बर्फ करते, म्हणून तिचं लग्न होत नाही. चुंबक नावाचा एक बिचारा आहे, त्याच्याकडे सगळं लोखंड ओढलं जातं. तो हॉटेलात गेला की आख्ख्या हॉटेलातले चमचे त्याच्या पाठीला. डावा आणि उजवा असे दोघे भाऊ आहेत, त्यांनी एकमेकांचा हात धरला तरच त्यांच्यात शक्ती येते, आणि त्यांचं आपसात पटत नाही. ही मला सगळ्यांत खरी वाटलेली कल्पना. या सगळ्यांच्या विरुद्ध प्रलयंकर नावाचा खलनायक. तो पृथ्वी बुडवण्याआधी तीन पानं प्रास्ताविक करतो.

"आमच्या पालिकेचा सभापती," उल्हास म्हणाला.

त्याचा आवडता होता स्तंभन. स्तंभन जोवर श्वास रोखून धरतो तोवर जगातली प्रत्येक गोष्ट असेल तिथं थांबते. पडणारी दरड हवेत थांबते, सुटलेली गोळी थांबते. त्यानं श्वास सोडला की सगळं पुन्हा सुरू.

"चौथीत असताना मी करायचो," उल्हास सांगायला लागला. "गणिताच्या पेपरला. श्वास धरून बसायचो. घड्याळाकडे बघत."

"थांबलं का घड्याळ?"

"एकदा थांबलं. शाळेचंच होतं. किल्ली दिली नव्हती कुणी." थोडा श्वास घेऊन तो म्हणाला, "पण मला वाटलं मीच. आठवडाभर… फार जपून श्वास घेत होतो."

यंत्र घुरघुरत होतं.

रोज वाचून झालं की मी पुस्तक रुमालात बांधायचो आणि माई नैवेद्याचं ताट घेऊन आत यायच्या.

"आज कुठला अध्याय झाला? आवाज चढला होता तुमचा."

"राक्षसाचा, माई!"

"तो कठीण आहे. मेला ना राक्षस?"

"आज नाही! अजून आहे!"

"मरेल, मरेल," माई म्हणायच्या, आणि ताट ठेवून उल्हासच्या कपाळाला हात लावायच्या. "आज तोंडावर तजेला आहे. आहे की नाही हो?"

उल्हासच्या तोंडाचा रंग शिसपेन्सिलीसारखा झालेला असायचा. "आहे!" मी ओरडायचो.

आठवड्याच्या मध्यापासून तो जेवेनासा झाला. बोलण्यात एका श्वासाला दोन शब्दांवर आला. माझी कंबर जमिनीवर झोपून गेली ती गेलीच, आणि एक वेळच्या जेवणामुळे मी संध्याकाळी इतका चिडचिडा व्हायचो की प्रलयंकराची बाजू मला पटायला लागली. तरी मध्ये न बोलण्याचा सोडला तर नेम एकही मोडला नाही. का पाळत होतो, हे मला सांगता येणार नाही. कॉमिकसाठी उपास धरणारा पृथ्वीतलावर मी पहिलाच असेन.

शेवटच्या दिवशी सकाळी मी बैठक मारली. पुस्तकाची थोडीच पानं उरली होती. प्रलयंकरानं आठांना समुद्राच्या तळाशी एका लोखंडी खोलीत कोंडलेलं. चुंबक भिंतीला चिकटलेला. हिमकन्येनं पाण्याचा बर्फ करायला जावं तर मित्रच गोठतील. वज्रमुठीनं भिंत फोडावी तर अख्खा समुद्र आत. डाव्या-उजव्याचं भांडण झालेलं. पाणी गुडघ्यापर्यंत, कमरेपर्यंत, गळ्यापर्यंत. मी वाचत होतो आणि उल्हास डोळे मिटून ऐकत होता. मग स्तंभन म्हणतो, 'मित्रांनो, मी श्वास रोखतो! तोवर काहीतरी उपाय शोधा!' आणि गाल फुगवतो. पुढचं चित्र पानभर. पाण्याचा एकेक थेंब हवेत थांबलेला, सात चेहरे स्तंभनाकडे वळलेले, आणि खाली चौकटीत: 'स्तंभनाचा श्वास किती काळ टिकणार? वाचा पुढील अंकात!'

मी पान उलटलं. पुढे केशतेलाची जाहिरात होती. त्याच्यापुढे प्रकाशकाचं निवेदन: हा अंक निघाल्यावर मालिका बंद पडली, म्हणून संग्रह इथं संपूर्ण होत आहे. त्याच्यापुढे कोरा कागद.

"मग?" उल्हास म्हणाला.

मी आयुष्यभर रविवारी सकाळी नसलेल्या गोष्टी रचल्या होत्या. मला वाटलं, ही एक अजून. कोऱ्या पानाकडे बघत मी हेल धरला. डाव्या-उजव्याचं भांडण मिटतं, ते हात धरतात, तोच चुंबकाला एक युक्ती सुचते, तो समुद्रातली बुडालेली सगळी जहाजं आपल्याकडे ओढून घेतो, खोली फुटते, सगळे जहाजावर चढतात, आणि वज्रमूठ प्रलयंकराची गचांडी धरून म्हणतो, 'अरे, भाषण आटोपतं घेतलं असतंस तर पृथ्वी केव्हाच बुडाली असती!'

उल्हासनं डोळे उघडले.

"हे तुमचं आहे."

"नाही रे. इथं छापलंय."

"वज्रमूठ… विनोद करत नाही." बऱ्याच वेळानं, "दाखवा," म्हणाला.

मी पुस्तक त्याच्याकडे वळवलं. कोरं पान त्यानं नीट बघितलं. नकाशा तपासावा तसं, डावीकडून उजवीकडे.

"म्हणजे ते तिथंच आहेत," तो म्हणाला. "अजून."

"हो."

"श्वास धरून."

"हो, उल्हास."

तो पुष्कळ वेळ छताकडे बघत राहिला. मी त्याची समजूत काढायला तोंड उघडलं, पण तोंडात जे आलं ते सगळं विनोदी होतं, म्हणून परत मिटलं.

मग तो आपणहून बोलायला लागला. ते बोलणं मी इथं सलग लिहितोय; ते तसं नव्हतं, प्रत्येक वाक्याला यंत्राचे दोन-तीन फेरे लागत होते.

"दाजी, बाबांच्या वेळी पोथी झाली होती. माईनं घातली. नेमानं. बाबा गेले. मग ती चूक शोधत बसली. फूल शिळं होतं का? दाराशी कुणी शिंकलं का? सहा वर्षं शोधत होती. दुपारी झोपेतून उठून म्हणायची, 'उल्हास, त्या दिवशी दिवा विझला होता का रे?' मी म्हणायचो, नाही विझला. दुसऱ्या दिवशी परत."

"हे कधी नलिनी बोलली नाही."

"ताईचं लग्न झालं होतं. घरात मी एकटाच." तो थांबला. "आता परत शोधेल. शोधायला लागली की सांगा तिला. पोथी नव्हतीच, म्हणून. चुकायला काही नव्हतंच."

मी त्या लाल रुमालाकडे बघितलं.

"म्हणून कॉमिक?"

"शेवट पण बघायचा होता," उल्हास म्हणाला. "खोटं नाही सांगत."

"आणि मी सांगितल्यावर माई मला घराबाहेर काढतील त्याचं काय?"

"तुम्ही जावई. जावयाला नाही काढत." त्यानं डोळे मिटले. "शपथ वगैरे नको. सांगा फक्त."

माई नैवेद्याचं ताट घेऊन आल्या. पुरणाचं केलं होतं. "झालं ना हो पूर्ण?"

"झालं, माई!"

"राक्षस?"

मी उल्हासकडे बघितलं. त्यानं मान किंचित हलवली.

"मेला!" मी ओरडलो.

माईंनी त्याच्या अंगावरून भाकरतुकडा ओवाळला आणि जिना उतरून टाकून आल्या. कुणाला जाऊ दिलं नाही. त्या वर येईपर्यंत मी पुरणाचा घास त्याच्या ओठाला लावला. तो त्यानं चोखल्यासारखा केला. माई धापा टाकत आत येऊन म्हणाल्या, "बघा, खाल्लंन!"

दोन दिवसांनी सकाळी उल्हास गेला. वीज होती, यंत्र चालू होतं, सिलिंडर भरलेलं होतं. कशालाही दोष देता येईना इतकं सगळं व्यवस्थित होतं.

नलिनी आली. भाऊबंद आले, दिवस झाले, तेरावा झाला. माई एकदाही मोठ्यानं रडल्या नाहीत. येणाऱ्या प्रत्येकाला पारायण कसं पार पडलं ते सांगायच्या: कुठलं फूल, कुठला नैवेद्य, किती वाजता सुरुवात. लोक म्हणायचे, धीराच्या आहेत. मला दिसत होतं की त्या साक्षीपुरावे गोळा करत आहेत.

तेराव्यानंतर नलिनी पाहुण्यांना स्टँडवर पोचवायला गेली. घरात आम्ही दोघंच. माई उल्हासच्या रिकाम्या खाटेच्या कडेला बसल्या होत्या.

"रघुनाथराव, इकडं या. बसा. सापडली."

"काय सापडलं?"

"चूक." त्यांचा आवाज अगदी शांत होता. "यांच्या वेळी इतकी शोधली, मिळाली नाही. या वेळी लगेच मिळाली. तिसऱ्या दिवशी मला चक्कर आली होती. तुम्ही आत वाचत होतात. मी स्वयंपाकघरात जाऊन घोटभर चहा घेतला. उभ्यानं. नैवेद्य व्हायचा होता."

"माई…"

"तुमच्याकडून काही चुकलं नाही. मी ऐकत होते ना, आवाज कुठं अडखळला नाही. पोरगं मी घालवलं. चहासाठी." त्या स्वतःच्या तळहाताकडे बघत होत्या. "त्या दिवसापासून थेंब नाही घेतला. पण आता काय उपयोग?"

इतक्या वर्षांत मी पुष्कळ लोकांना पुष्कळ लागेलसं बोललोय, पण छापून. समोर बसून सांगायची सवय नाही. मी हळू आवाजात म्हणालो, "माई, ती पोथी नव्हती."

"आँ?"

"पोथी नव्हती ती."

"जोरात बोला. डबी आत आहे."

मी ओरडलो, "मी पोथी वाचलीच नाही!" समोरच्या फ्लॅटचं दार उघडल्याचा आवाज आला. "ते चित्रांचं पुस्तक होतं! उल्हासचं! लहानपणीचं! त्यानंच सांगितलं तसं करायला! तुम्ही चूक शोधू नये म्हणून!"

एवढी खाजगी गोष्ट मी सगळ्या अपार्टमेंटला सांगून मोकळा झालो. माई माझ्याकडे बघत होत्या. त्यातल्या त्यात चांगल्या डोळ्यानं.

"पोथी कुठं होती?"

"कपाटावर. धुतलेल्या धोतरात."

"धुतलेल्या?"

"हो!"

त्यांनी मान डोलावली. मी वाट बघत होतो. शिव्या आल्या असत्या तर मी त्या आनंदानं घेतल्या असत्या.

"म्हणजे देवाला कुणी काही सांगितलंच नाही," माई म्हणाल्या.

मी मान हलवली.

"सात दिवस मी म्हणतेय, ऐकतोय, ऐकतोय. आणि त्याला निरोपच नाही." थोड्या वेळानं म्हणाल्या, "मग तो तरी काय करणार?"

खिडकीबाहेर कुणीतरी स्कूटर चालू करायचा प्रयत्न करत होतं. ती होईना. माईंना ते ऐकू येत नव्हतं, मला येत होतं.

"ते आठ जण होते ना हो त्यात? शक्तीवाले? लहानपणी सारखं चालायचं त्याचं, टॉवेल पाठीला बांधून."

"हो, तेच!"

"सात दिवस तुम्ही त्यांची नावं घेतलीत. ते तरी आले का?"

"ते कसले येतात, माई!" मी ओरडून सांगत होतो, आणि माझा आवाज विचित्र येत होता. "ते स्वतःच अडकलेत! समुद्राच्या तळाशी! पाणी गळ्यापर्यंत आलंय!"

"सुटले नाहीत?"

"पुस्तक तिथंच संपतं!"

"अगं बाई," माई म्हणाल्या. खरोखर वाईट वाटल्यासारख्या. "त्यांना आया नव्हत्या का?"

मी सगळी पानं आठवून बघितली. वज्रमूठ, हिमकन्या, चुंबक, डावा, उजवा. एवढ्या जाड पुस्तकात एकाचीही आई कुठं आली नव्हती.

"नाहीत, माई! पुस्तकात नाहीत!"

"तरीच," त्या म्हणाल्या.

मग त्यांनी खाटेवरची चादर हातानं सारखी केली. एकदा केली, सुरकुती नव्हती तिथंही परत केली. कितीतरी वेळ ते चाललं होतं. मी उठून जावं की बसून राहावं ते मला कळेना, म्हणून बसून राहिलो.

"रघुनाथराव."

"काय, माई?"

"तुम्हाला सांगू नये, जावई तुम्ही. पण जरा चहा टाकता का? साखर घाला थोडी जास्त."